वलंदेजी जहाजांची चित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वरच्या भिंतीवर, एका जुन्या डच चित्राची प्रिंट लावलेली आहे. मधोमध मोठाली जहाजं, भोवती होड्यांची झुंबड, मागे शहर. आलेला पाहुणा चहा येईपर्यंत तिच्याकडे बघत बसतो आणि चहा आला की काहीतरी विचारतो. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी उत्तरं एकदाची लिहून काढली. ज्यांना जहाजांचं वेड आहे त्यांनी सावकाश वाचावं, बाकीच्यांनी हवा तो प्रश्न शोधावा.

हे चित्र कोणाचं आणि कधीचं?

हार्लेम गावच्या हेंड्रिक कॉर्नेलिस व्रोम या चित्रकाराचं. साल १५९९. कॅनव्हासवर तैलरंग, रुंदी दोन मीटरहून जास्त, उंची साधारण एक मीटर. मूळ चित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संग्रहात आहे. याकोब व्हान नेकच्या हाताखाली पूर्वेकडे गेलेल्या ताफ्यातली चार जहाजं १९ जुलै १५९९ रोजी ॲम्स्टरडॅमला परत आली, तो हा दिवस. मॉरिशस, हॉलंडिया, ओव्हरआयसल आणि फ्रीसलंड ही त्यांची नावं. ताफा मुळात आठ जहाजांचा होता. बाकीची चार पुढे मसाल्याच्या बेटांकडे गेली होती, ती १६०० मध्ये आली.

व्रोम म्हणजे डच सागरी चित्रकलेचा आद्यपुरुष. त्याच्या आधी चित्रात जहाज येई ते बायबलमधल्या एखाद्या कथेची सोय म्हणून, किंवा नकाशाच्या कोपऱ्यात शोभेला. जहाज हाच विषय, बाकी सगळं त्याच्या सोबतीला, हा उलटा हिशोब नेदरलँड्समध्ये त्याने रुजवला.

याच माणसाची एक गोष्ट कारेल व्हान मांदरने १६०४ च्या आपल्या चरित्रग्रंथात लिहून ठेवली आहे. व्रोम मातीच्या भांड्यांवर नक्षी काढता काढता चित्रकार झालेला. स्वतः काढलेली धार्मिक चित्रं विकायला तो स्पेनकडे निघाला आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं. जीव वाचवून किनाऱ्याला लागलेल्या लोकांना तिथल्यांनी इंग्रज चाचे समजून पकडलं. तेवढ्यात लाटांबरोबर चित्रं वाहून आली, त्यांत संत आणि देवादिक दिसले, आणि ही मंडळी आपल्याच धर्माची आहेत असं ठरून सुटका झाली. पुढे सेतुबाल गावात त्याने याच जहाजफुटीचं चित्र काढलं आणि ते चांगल्या पैशाला विकलं. मला हा माणूस आवडतो तो इथे. बुडता बुडता वाचला आणि पहिलं काय केलं, तर त्याचं चित्र काढून विकलं.

वलंदेज म्हणजे डचच ना?

हो. आपल्या जुन्या कागदपत्रांत डचांना वलंदेज म्हणतात. हॉलंडवरून पोर्तुगीज वळणाने आलेला शब्द. फरासीस, इंग्रज, फिरंगी, त्यांच्याच रांगेतला.

एवढी गर्दी कशासाठी? जहाजं तर रोजच येत असतील.

रोज येत होती, पण बाल्टिक समुद्रातून धान्य आणि लाकूड घेऊन, नाहीतर उत्तर समुद्रातून हेरिंग मासे घेऊन. ही जहाजं जावा बेटावरच्या बांतामहून मिरी घेऊन आली होती. दोनच वर्षांपूर्वी, १५९७ मध्ये, कॉर्नेलिस दे हाउटमनची पूर्वेकडची पहिली डच मोहीम परतली होती, तिची अवस्था वाईट होती. २४९ माणसं गेली आणि नव्वदाहूनही कमी परत आली. जेमतेम खर्च निघाला. त्यामुळे व्हान नेकची जहाजं निघाल्यापासून चवदा-पंधरा महिन्यांत भरून परत आली तेव्हा लोकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. हॉलंड हॉलंड झाल्यापासून इतकी भरलेली जहाजं आली नव्हती, अशी तेव्हाची नोंद आहे. सगळी मोहीम संपल्यावर भांडवलावर सुमारे ४०० टक्के नफा झाला असं इतिहासकार सांगतात. आता होड्या भरभरून माणसं का निघाली आहेत ते कळेल. गावातला एखादा लॉटरी जिंकून एसटीतून उतरला तरी आपण फाट्यावर जाऊन उभे राहतो.

या यशामुळे गावोगावी कंपन्या निघाल्या, एकमेकांच्या पायात पाय घालू लागल्या, आणि ते थांबवायला २० मार्च १६०२ रोजी त्या सगळ्यांची मिळून डच ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे व्हीओसी, झाली. म्हणजे आमच्या भिंतीवरची जहाजं कंपनीची नाहीत, कंपनीच्या आधीची आहेत.

अशा चित्रात बघायचं काय? मला तर सगळी जहाजं सारखीच दिसतात.

जहाज बघूच नका. आधी वारा बघा.

हे ऐकून पाहुणे हसतात, पण माझा अनुभव असा की या चित्रांचं कुलूप या एकाच किल्लीने उघडतं. चित्रात वारा दिसत नाही, पण तो सात-आठ ठिकाणी खुणा सोडून जातो. डोलकाठीच्या टोकावरची लांब पताका, पाठीमागचं निशाण, शिडांचा फुगवटा, लाटांच्या माथ्यावरून उडणारे तुषार, ढगांची दिशा, किनाऱ्यावरच्या चुलीचा धूर. या सगळ्यांनी एकच साक्ष द्यायला हवी. चांगल्या चित्रकाराच्या चित्रात ती एक असते. कच्च्या चित्रकाराच्या चित्रात शीड पूर्वेकडे फुगलेलं असतं आणि निशाण पश्चिमेकडे फडफडत असतं.

हमखास विचारला जाणारा पोटप्रश्न इथेच येतो : जहाज पुढे चाललंय तर निशाणही पुढेच का उडतंय, मागे उडायला नको का? आपल्याला मोटारसायकलला बांधलेल्या झेंड्याची सवय. मोटारसायकल स्वतःच्या जोरावर जाते, म्हणून झेंडा मागे. मागून वारा घेऊन जाणारं शिडाचं जहाज मात्र वाऱ्यापेक्षा हळू जातं, वाराच त्याला ढकलतो. तेव्हा वारा जहाजाच्या पाठीवरून येऊन पुढे निघून जातो आणि निशाणाला नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, घेऊन जातो. कोकणात शिडाच्या होडीत बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, ही चौकोनी शिडांची जहाजं. आडव्या काठ्यांना, आपल्याकडे परबाण म्हणतात त्यांना, टांगलेली शिडं. असं जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. फार तर वारा आडवा घेऊन, थोडं पुढे सरकत, नागमोडी वाटेने जातं. म्हणून चित्रात निशाण सरळ मागे उडतंय आणि चौकोनी शिडं मात्र टम्म फुगलेली असतील, तर चित्रकार घरात बसून काढत होता असं खुशाल समजा. वाऱ्याकडे तोंड करून एकच जहाज निवांत राहू शकतं, ते म्हणजे नांगरलेलं. तेही ओहोटीची ओढ जोराची असली तर वाऱ्याऐवजी पाण्याकडे तोंड करतं. खाडीत नांगरलेले मचवे भरती-ओहोटीबरोबर कसे तोंड फिरवतात ते आठवा.

हे जमलं की मग विलेम व्हान दे व्हेल्दे धाकटा याचं ‘वाऱ्याचा तडाखा’ नावाने ओळखलं जाणारं, १६८० च्या आसपासचं चित्र बघा. तेही राइक्सम्युझियममध्येच आहे, आणि फार मोठं नाही, पाऊण मीटरभर उंच. जहाज एका कुशीवर कललं आहे. त्यात एकही तपशील वाऱ्याला विसरून काढलेला नाही. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा नकळत खुर्चीत उलट बाजूला कललो होतो.

व्यापारी जहाजावर तोफा कशाला?

कारण समुद्रावर व्यापार आणि लढाई यांच्यात फारशी भिंत नव्हती. १५६८ पासून १६४८ पर्यंत डच लोक स्पेनच्या राजाविरुद्ध लढत होते, आणि १५८० पासून पोर्तुगालही त्याच राजाकडे होतं. स्पेनच्या बाजूचे डंकर्क बंदरातले लुटारू अगदी दारात. पूर्वेकडे जाणारं जहाज एकटं सापडलं तर गेलंच. त्यामुळे पूर्वेच्या व्यापारी जहाजाच्या कुशीला तोफांच्या खिडक्या असतातच. फक्त तोफा दिसल्या म्हणून चित्र लढाऊ जहाजाचं ठरवू नका, ही चूक लिलावांच्या माहितीपत्रकांतही दिसते. आणि तोफांचा दुसरा उपयोग म्हणजे सलामी. कोणी मोठा माणूस भेटायला आला, बंदर सोडलं, बंदर गाठलं, की धूर. पांढऱ्या धुराचा गोळा आणि खाली शांत पाणी दिसलं की ती लढाई नव्हे, नमस्कार आहे.

सगळी व्यापारी जहाजं अशीच होती का?

नाही, आणि गंमत ही की डचांना ज्याने खरं श्रीमंत केलं ते जहाज दिसायला अगदीच साधं होतं. फ्लाउट त्याचं नाव. १५९५ च्या सुमाराला होर्न गावात पहिलं बांधलं गेलं. पोट मोठं, तळ सपाट, वरचं डेक अरुंद, पाठ गोल, पेरूसारखी. पोट मोठं आणि डेक अरुंद का, याचं नेहमी दिलं जाणारं कारण डेन्मार्कच्या राजाचा जकातनाका हे आहे. बाल्टिकच्या तोंडावर तो कर घेई आणि डेकचं माप हिशोबात धरी. डेक लहान, कर लहान. कापड कमी लागावं म्हणून सदरा आखूड शिवणाऱ्यांना हे पटेल. शिवाय या जहाजाला माणसं कमी लागत. शिडं ओढायला कप्प्यांचा भरपूर वापर, त्यामुळे दहा-बारा जणांत काम भागे. तोफा नाहीत किंवा नावापुरत्या.

बांधणीही झटपट. पवनचक्कीवर चालणारी लाकूड कापायची गिरणी १५९० च्या दशकात निघाली, कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन नावाच्या माणसाने काढली. त्यानंतर झान नदीकाठी फळ्यांचे ढीग पडू लागले. हातकरवतीने जे काम होई त्याच्या कितीतरी पट काम वारा करून देई. वाऱ्यानेच लाकूड कापायचं, वाऱ्यानेच ते जहाज हाकायचं.

पूर्वेला जाणारी मोठी जहाजं वेगळी. त्यांची पाठ सपाट, उंच, कोरीवकामाने भरलेली. डच भाषेत त्या सपाट पाठीला आरसा म्हणतात. चित्रात जहाज पाठमोरं काढलेलं असलं की चित्रकाराला हा आरसा दाखवायचा आहे असं समजावं, कारण जहाजाचं नाव किंवा चिन्ह बहुधा तिथेच कोरलेलं किंवा रंगवलेलं असे.

निशाणांवरून काय कळतं?

सुरुवातीचं डच निशाण नारिंगी, पांढरं, निळं. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नारिंगीची जागा लाल रंगाने घेतली. ॲम्स्टरडॅमचं चिन्ह म्हणजे एकाखाली एक तीन फुल्या, आजही त्या शहरात रस्त्याकडेच्या खांबांवर दिसतात. पांढऱ्या पट्ट्यावर मोठं व्ही आणि त्याच्या दोन पायांवर ओ आणि सी, ही कंपनीची खूण. त्याच्या डोक्यावर ए असेल तर ॲम्स्टरडॅमची पेढी. कंपनीच्या अशा सहा पेढ्या होत्या. पण १६०२ च्या आधीच्या प्रसंगात ही खूण दिसली तर कोणीतरी नंतर हात फिरवला आहे.

समुद्र निळा का नाही? घरच्या कॅलेंडरवर तरी निळा असतो.

तीन कारणं. पहिलं, तिथला समुद्र खरोखरच निळा नाही. उथळ पाणी, गाळ, नद्यांची मुखं. जुलैमध्ये वाशीच्या पुलावरून खाडीकडे बघा, मग पटेल. दुसरं, आवड. व्रोमच्या पुढच्या पिढीत यान पोर्सेलिस नावाचा चित्रकार आला, १६३२ मध्ये वारला. त्याने रंगांची सगळी जत्रा बंद केली. राखाडी, मातकट, एखादी पांढरी रेघ. क्षितिज खाली ओढलं आणि चित्राचा बराचसा भाग आभाळाला देऊन टाकला. व्रोमच्या चित्रात आपण उंचावरून, गच्चीवरून बघितल्यासारखं बघतो. पोर्सेलिसच्या चित्रात आपण होडीत बसलेलो असतो आणि पाणी अंगावर येत असतं.

तिसरं कारण रसायनाचं. निळ्यासाठी स्माल्ट वापरत, म्हणजे कोबाल्ट घालून केलेल्या काचेची पूड. खरा लाजवर्दी निळा अफगाणिस्तानातून येई, त्याची किंमत परवडणारी नव्हती. हे स्माल्ट तेलात वर्षानुवर्षं राहिलं की करडं पडतं. त्यावर वार्निश पिवळं होतं. त्यामुळे आज आपण ज्याला उदास डच आभाळ म्हणतो ते काही चित्रांत मुळात बरंच निळं होतं. समीक्षकांनी त्या उदासीवर पानंच्या पानं लिहिली आहेत हे सोडा.

चित्रकार स्वतः जहाजावर जात का?

काही जात. व्हान दे व्हेल्दे थोरला, म्हणजे धाकट्याचा बाप, लहानशा गलबतातून लढाईच्या मधोमध जाऊन कागदावर रेखाटनं करी. ऐन तोफांच्या माऱ्यात. घरी आल्यावर पांढऱ्या रंगाचा थर दिलेल्या फळीवर किंवा कॅनव्हासवर लेखणी-शाईने तो प्रसंग काढी. ही शाईची चित्रं जवळून बघितली की दोर मोजता येतात. १६७२ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड दोघांनी हॉलंडवर चाल केली, धंदे बसले, आणि बापलेक चक्क शत्रूच्या देशात, लंडनला गेले. तिथे दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७४ मध्ये दोघांना वर्षाला शंभर-शंभर पौंड बांधून दिले : बापाने समुद्रावरच्या लढाया रेखाटायच्या, मुलाने त्या रंगवायच्या. ग्रीनिचच्या क्वीन्स हाउसमध्ये त्यांना कामाला जागा मिळाली. ज्यांनी काल डच आरमाराचे विजय काढले त्यांनी आज इंग्रज आरमाराचे काढले. कोणी याला फितुरी म्हणेल. मला वाटतं चार पोरं घरात असलेल्या माणसाला शंभर पौंड म्हणजे शंभर पौंड.

लुडोल्फ बाकहाउझेन तर मुळात व्यापाऱ्याच्या पेढीवर सुंदर अक्षर काढणारा कारकून. वादळ सुटलं की तो होडी करून समुद्राच्या तोंडापर्यंत जाई आणि लाटा बघून धावत घरी येई, अशी त्याची आख्यायिका आहे. त्याची वादळं बघून ती खरी वाटते.

उलट यान व्हान दे कापेल हा रंगाऱ्यांच्या घरातला, कापड रंगवायच्या कारखान्याचा मालक, गडगंज. त्याने काढलं ते बहुतेक वारा पडलेलं पाणी. शिडं सैल, सगळं थांबलेलं. पोटाची चिंता नसली की माणूस असं काढू शकत असावा.

ही चित्रं राजेरजवाडेच घेत असतील ना?

मोठी घेत. ॲम्स्टरडॅमच्या नौदल मंडळाला १६२१ च्या सुमाराला एक मोठं युद्धचित्र हवं होतं, तेव्हा व्रोमने ६,००० गिल्डर मागितले. साध्या कारागिराची वर्षाची कमाई तीनशे गिल्डरच्या आसपास. मंडळाने हात जोडले आणि काम कॉर्नेलिस व्हान वीरिंगेनला निम्म्याहून कमी पैशात दिलं.

पण लहान चित्रं सामान्य माणसंही घेत. पोर्सेलिसने १६१५ मध्ये अँटवर्पला असताना एक करार केला होता : वीस आठवड्यांत जहाजांची चाळीस चित्रं. म्हणजे आठवड्याला दोन. गणपतीच्या कारखान्याची आठवण येते. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६४० मध्ये ॲम्स्टरडॅमला गेला तेव्हा खाटीक, पाववाले, लोहार यांच्या दुकानांतसुद्धा चित्रं टांगलेली बघून तो चकित झाला. हाच मंडी त्याआधी दहा वर्षं सुरतेहून आग्र्याला गेला होता आणि गुजरातच्या भीषण दुष्काळाचं वर्णनही त्याने लिहून ठेवलं आहे.

रेम्ब्रांने अशी चित्रं काढली का?

समुद्राचं एकच, १६३३ मध्ये, तेही येशू आणि शिष्यांच्या होडीचं. ते १८ मार्च १९९० ला बॉस्टनच्या एका संग्रहालयातून चोरीला गेलं, अजून सापडलेलं नाही.

यात सगळं छानच दिसतं. वाईट काही का दिसत नाही?

कारण पैसे देणाऱ्याला ते नको होतं. हा प्रश्न माझ्या पुतणीने विचारला आणि तेव्हापासून मी ते चित्र पूर्वीसारखं बघू शकलेलो नाही. व्हीओसीच्या दोनशे वर्षांत सुमारे १० लाख माणसं युरोपातून पूर्वेकडे गेली. परतली त्यांतली निम्म्याहून कमी. स्कर्व्ही, ताप, बुडणं. चित्रात डेकवर जी मुंगीएवढी माणसं असतात त्यांतली बरीचशी यांत मोडतात.

आणि माल कसा मिळाला ते तर किनाऱ्यावरच राहून गेलं. इंडोनेशियातल्या, जायफळाच्या बांदा बेटांवर १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटर्सझोन कून याने फौज उतरवली. तिथे १५,००० च्या आसपास वस्ती होती असा अंदाज आहे. मारले, उपाशी ठेवले, गुलाम करून नेले, आणि हजारभर लोकच त्या बेटांवर उरले. मग बागा गुलामांकडून करून घेतल्या. अशा जायफळाने भरलेलं जहाज ॲम्स्टरडॅमच्या बंदरात येताना चित्रात सोनेरीच दिसतं. एक अपवाद सांगतो. आल्बर्ट कौपच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका चित्रात बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, बंदरातल्या जहाजांकडे काठीने बोट दाखवणारा कंपनीचा मोठा व्यापारी आहे, शेजारी त्याची बायको, आणि त्यांच्या मागे त्यांच्यावर छत्री धरून उभा असलेला गुलाम. जहाजं आणि गुलाम एकाच चौकटीत. चित्रकाराला त्यात काही वावगं वाटलं नाही, म्हणूनच ते आपल्याला दिसतं.

आपल्या किनाऱ्याचा याच्याशी काही संबंध?

भरपूर. या गोष्टीची सुरुवातच गोव्यात होते. यान हाउखेन व्हान लिन्शोटेन नावाचा डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्यात पोर्तुगीज आर्चबिशपच्या दफ्तरात चिटणीस होता. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली समुद्रमार्गांची माहिती त्याने जमेल तशी उतरवून घेतली आणि मायदेशी जाऊन छापली. हाउटमनची पहिली मोहीम ते छापील मार्गदर्शन बरोबर घेऊनच निघाली. गोव्याच्या दफ्तरातला एक कारकून नसता तर आमच्या भिंतीवरची जहाजं वाटेतच हरवली असती.

पुढे डचांनी वर्षानुवर्षं गोव्याची नाकेबंदी केली. ताफ्याला पाणी, धान्य, दुरुस्ती हवी, म्हणून १६३७ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी घेऊन वेंगुर्ल्याला वखार घातली. वखारीचे अवशेष आजही उभे आहेत, भिंतींवर झाडं वाढलेली. मुरगावजवळ ३० सप्टेंबर १६३९ रोजी डचांनी तीन मोठ्या पोर्तुगीज जहाजांवर अचानक हल्ला केला. हेंड्रिक व्हान अँथोनिसेनने १६५३ मध्ये त्याचं चित्र काढलं, तेही राइक्सम्युझियममध्ये आहे. गोव्याच्या माणसाने ते जरूर बघावं आणि किनारा किती ओळखू येतो ते सांगावं. मला काही ओळखता आला नाही.

एक गमतीचं उदाहरण रायबागचं. बेळगाव जिल्ह्यातलं हे गाव, समुद्रापासून आत. तेव्हा विजापूरच्या राज्यातली मोठी बाजारपेठ. व्हीओसीच्या ॲम्स्टरडॅमच्या मुख्य कचेरीच्या भिंतींवर लावायला ठाण्यांची मोठाली चित्रं १६६० च्या दशकात योहानेस व्हिंकबोन्सने काढली, त्यांत कोची, कण्णूर, बांदा यांच्या रांगेत रायबागही आहे. तिकडच्या लोकांना हे सांगितलं की खरं वाटत नाही.

आणि हे एकतर्फी नव्हतं. विजयदुर्गावर १७२४ मध्ये चालून गेलेला डच ताफा हात हलवत परतला. १७५४ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराने डच जहाजांना गाठून दोन मोठी जहाजं संपवली. याचं तैलचित्र ॲम्स्टरडॅममध्ये कोणी काढून घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

इतक्या जुन्या चित्रात नंतर बदल झालेले असतात का?

असतात, आणि सर्वांत मजेदार उदाहरण याच व्हान अँथोनिसेनचं. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात त्याचं श्केव्हनिंगनच्या वाळूचं एक चित्र आहे. थंडीत किनाऱ्यावर माणसांचे घोळके उभे, बघताहेत, पण कशाकडे ते कळत नव्हतं. २०१४ मध्ये साफसफाई करताना क्षितिजावर आधी एक माणूस हवेत उभा असलेला निघाला, मग शिडासारखं काहीतरी, आणि शेवटी अख्खा देवमासा, किनाऱ्याला लागलेला. तो माणूस त्याच्यावर उभा होता, आणि शिडासारखं दिसलं ते माशाचं पर. कोणे काळी कोणा मालकाला मेलेला मासा दिवाणखान्यात नको वाटला असावा आणि त्याने तो रंगाखाली पुरला असावा. म्हणून जुन्या चित्रात माणसं रिकाम्या जागेकडे बघताना दिसली की मला संशय येतो.

मुंबईच्या चोरबाजारात असंच एक चित्र बघितलं, खाली व्हान दे व्हेल्दे अशी सही आहे. घेऊ का?

आवडलं असेल तर घ्या, सहीसाठी घेऊ नका. त्याची नक्कल करणारे इंग्लंडमध्ये पुढची शंभर-दीडशे वर्षं होते, आणि शोभेची जहाजचित्रं तर विसाव्या शतकातही शेकड्यांनी निघाली. आधी वारा तपासा. मग शिडांवर मोठाले लाल क्रूस आहेत का बघा, असतील तर ते कोलंबसाच्या नावाने काढलेलं कॅलेंडरी जहाज. मग मागची बाजू. कॅनव्हास स्टेपलच्या पिनांनी ठोकलेला असेल तर सतरावं शतक विसरा.

प्रिंट कुठून मिळेल?

राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकारातलं छायाचित्र फुकट उतरवून घेता येतं, छापायलाही मोकळीक आहे. एक काळजी घ्या. मी पहिल्यांदा छापायला दिलं तेव्हा दुकानदाराने फ्रेमच्या मापात बसावं म्हणून वरचं आभाळ कापून टाकलं. म्हणाला, “साहेब, वर काही नव्हतंच.” डोलकाठ्यांच्या पताका गेल्या, म्हणजे वारा गेला. पुन्हा छापून घेतलं. ती पहिली प्रिंट आता माळ्यावर आहे.

खरं जहाज कुठे बघायला मिळतं?

मूळ नाही, हुबेहूब बांधलेली दोन सांगतो. ॲम्स्टरडॅमच्या सागरी संग्रहालयाच्या धक्क्याला ‘ॲम्स्टरडॅम’ उभं आहे. मूळ जहाज पहिल्याच फेरीत, जानेवारी १७४९ मध्ये, इंग्लंडच्या हेस्टिंग्जजवळ वाळूत रुतलं. दुसरं लेलीस्टाडचं ‘बटाव्हिया’, १९८५ पासून दहा वर्षं खपून जुन्या पद्धतीने बांधलेलं. मूळ बटाव्हिया १६२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला खडकावर फुटलं. आत गेलात की वाकून चाला, दोन डेकमधली उंची बेताची आहे. आणि शेकडो माणसं तिथे सात-आठ महिने राहत, जेवत, आजारी पडत, हे डोळ्यांसमोर आणायला नाकही मदतीला घ्यावं लागतं, कारण आता तिथे फक्त डांबराचा आणि लाकडाचा छान वास येतो.

ॲम्स्टरडॅमला गेलातच तर आणखी एक ऐकून या. शहराच्या पूर्वेला पाम्पुस नावाचा गाळाचा उथळ पट्टा होता. भरलेली जहाजं तिथे अडकून भरतीची वाट बघत पडत. म्हणूनच बरीच मोठी जहाजं टेक्सेल बेटाजवळ माल छोट्या होड्यांत उतरवून मोकळी होत. आजही डच माणूस भरपेट जेवून आडवा झाला की म्हणतात, हा पाम्पुसपाशी पडलाय. आमच्याकडे रविवारी दुपारी, त्या चित्राखालच्या सोफ्यावर, हेच म्हटलं जातं.